सेल्फ फिरतो, पण गाडी उचलत नाही: मुजमहुड्यातल्या एका सीएनजी गाडीचं प्रकरण

"बॅटरी नवी घातली, प्लग नवे घातले, अलीकडे पंपही नवा घातला. आता बदलायचं राहिलं तरी काय?" फोनवर काकूंचा आवाज चिडलेला नव्हता, दमलेला होता. तीन आठवड्यांत अकरा हजारांच्या वर खर्च झाला होता आणि गाडी बडोद्यात मुजमहुड्याच्या सोसायटीत जागच्या जागी उभी होती. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण उचलायचं नाही.

मी म्हटलं, टो करून आणू नका, मीच येतो. गाडी जिथे अडली तिथेच बघायला मला आवडतं. टो करताना धक्के बसतात, वायरी हलतात आणि अर्धवट सुटलेला दोष कधी कधी रस्त्यातच लपून बसतो. गॅरेजमध्ये गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते आणि आठ दिवसांनी पुन्हा अडते.

गाडी २०१३ सालची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट, ९१ हजार किलोमीटर चाललेली. बडोद्यात अशा गाड्या गल्लोगल्ली आहेत. त्या सुरू होतात पेट्रोलवर, आणि पाणी थोडं तापलं की आपोआप गॅसवर जातात. दिवसभर गॅसवर धावणाऱ्या गाडीला पेट्रोल लागतं ते फक्त सकाळच्या त्या पहिल्या मिनिटापुरतं. त्यामुळे पेट्रोलच्या बाजूला काही बिघडत चाललं असेल तर मालकाला पत्ताच लागत नाही. गाडी गॅसवर झकास पळते, म्हणजे तब्येत उत्तम, असं सगळे धरून चालतात.

खाली उतरल्या उतरल्या काका सांगू लागले. बॅटरी कधी घातली, बिल कुठे आहे, पंप कुठला आहे. काका निवृत्त ड्राफ्ट्समन, बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेले, त्यामुळे सगळं तारीखवार लिहून ठेवलेलं. पण मी विचारलं, गाडी चालवतं कोण? काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून दीड वर्ष गाडी काकूच चालवत होत्या. आधीच्या दोन्ही मिस्त्रींनी काकांशीच बोलून काम उरकलं होतं. काकूंना कोणी काही विचारलंच नव्हतं.

काकूंनी पाच मिनिटांत जे सांगितलं ते त्या अकरा हजारांपेक्षा मोलाचं होतं. होळीच्या सुमारास सकाळी सेल्फ लांब मारावा लागू लागला. मग त्यांना एक युक्ती सापडली: चावी ऑन करून थोडं थांबायचं, बंद करायची, पुन्हा ऑन करायची, असं तीनदा केलं की चौथ्या वेळी गाडी उचलायची. खंडेराव मार्केटला भाजी घेऊन दहा मिनिटांत परत आलं तर काही त्रास नसायचा, पहिल्या सेल्फला सुरू. नवा पंप बसवल्यावर आठ दिवस छान गेले, आणि मग एका सकाळी तीनदा काय, दहादा चावी फिरवूनही काही होईना.

चावी ऑन केली की पेट्रोलचा पंप साधारण दोन सेकंद चालतो, लाइनमध्ये दाब भरतो आणि इंजिन फिरलं नाही तर थांबतो. पंपात एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो भरलेला दाब धरून ठेवतो. पंप धड चालत असेल तर ही दोन सेकंद पुरतात. तो मरगळलेला चालत असेल तर एका खेपेत थोडाच दाब भरतो. तीन खेपा केल्या की बेरीज होऊन काम निभतं. बाजारातून लगेच परत आलं तर आधीचा दाब अजून लाइनमध्ये शिल्लक असतो. म्हणजे बॉनेट उघडण्याआधीच बोट पेट्रोलच्या दाबाकडे वळलं होतं. पण पंप तर नवा होता, आणि तिथेच आधीचा मिस्त्री अडकला होता.

मी अजून एक विचारलं: ऑगस्ट २०२४ च्या पुरात गाडी कुठे होती? इथेच, खाली. त्या वेळी विश्वामित्री नदी शहरात शिरली, मुजमहुडा-अकोट्याकडे सोसायट्यांमधून मगरी पकडून न्याव्या लागल्या, ते बडोद्यात कोणी विसरलेलं नाही. पाणी दाराच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. सीट भिजली नाही, इंजिनात पाणी गेलं नाही. कार्पेट भिजलं, ते काढून उन्हात वाळवलं आणि पुन्हा घातलं. गाडी दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली म्हणून कोणी पुढे पाहिलं नाही.

मग कामाला लागलो. काकूंना सेल्फ मारायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकलं. हे मी प्रत्येक गाडीला करतो. आवाज एकसारखा, ठेक्यात, प्रत्येक घुर्रवर थोडं ओझं पेलल्यासारखा. चारही सिलिंडर हवा दाबताहेत असा तो आवाज असतो. टायमिंग बेल्ट तुटला असता तर सेल्फ ओझं नसल्यासारखा सरसर, एका सुरात फिरला असता. एखादा सिलिंडर गेला असता तर ठेका चुकला असता. सेल्फ मारताना बॅटरी १०.४ व्होल्टच्या खाली जात नव्हती, म्हणजे तीही सशक्त. डॅशवर इमोबिलायझरचा दिवा चावी ऑन करताच विझत होता, म्हणजे गाडीने चावी ओळखली होती.

स्कॅनर लावला. दोषाचा एकही कोड नाही. सेल्फ मारताना आरपीएम २३० दाखवत होता, म्हणजे क्रँक सेन्सर जिवंत होता. हा आकडा शून्य राहिला असता तर ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, इंजिन फिरतंय हेच कळलं नसतं. मग त्याने ना प्लगला करंट दिला असता ना पेट्रोल. कोड नाही म्हणून पुष्कळ जण निर्धास्त होतात, ते मला पटत नाही. या गाडीत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नाही. ईसीयू पंपाच्या रिलेच्या, म्हणजे पंपाला करंट सोडणाऱ्या स्विचच्या, कॉइलवर लक्ष ठेवतो. रिलेच्या पलीकडे पंपापर्यंत खरंच करंट पोचला का, हे बघायला त्याला डोळे नाहीत. तो गप्प राहिला याचा अर्थ एवढाच, की त्याला जे दिसतं त्यात त्याला खोट सापडली नाही.

प्लग काढला. इतका सेल्फ मारूनही कोरडा ठणठणीत. टेस्टरवर ठिणगी निळी, जोरकस. करंट आहे, पेट्रोल नाही.

इथे सीएनजी गाडीत एक फार चांगली सोय असते. बहुतेक सिक्वेन्शियल किटमध्ये चेंजओव्हरचं, म्हणजे पेट्रोल-गॅस बदलायचं, बटण काही सेकंद दाबून धरलं की गाडी थेट गॅसवर सुरू करता येते; पेट्रोल संपलं तर अडू नये म्हणून ती दिलेली असते. बटण दाबून धरण्याची पद्धत किटप्रमाणे बदलते, आपल्या किटची माहीत करून घ्यावी. मी ते केलं, सेल्फ मारला, आणि गाडी दुसऱ्या सेकंदाला सुरू झाली. काकू चकित झाल्या. त्यांना हे बटण असं वापरता येतं हे किट बसवताना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या एका सेल्फने बरंच काही बाजूला झालं. करंट ठीक, कॉम्प्रेशन ठीक, टायमिंग ठीक, क्रँक सेन्सर ठीक. आणखी एक गोष्ट, जी चटकन लक्षात येत नाही: सिक्वेन्शियल किट स्वतःच्या मनाने गॅस सोडत नाही. गाडीचा मूळ ईसीयू पेट्रोलच्या इंजेक्टरला जो इशारा देतो तोच पकडून किट गॅसच्या इंजेक्टरला देतं. गॅसवर सुरू झाली म्हणजे ईसीयूचा इशाराही नीट येतोय. उरलं काय? पंप, फिल्टर, पाइप, इंजेक्टर आणि त्यांच्या वायरी.

काकांचं म्हणणं पडलं की मग गॅसवरच सुरू करत जाऊ, कशाला पैसे घालायचे. मी नको म्हटलं. रोज तसं करायला ते किट बनवलेलं नाही, आणि का बिघडलं ते कळल्याशिवाय एखाद्या सर्किटला तसंच सोडून देणं मला कधीच रुचत नाही. पुढे काय सापडलं ते पाहता नको म्हटलं ते बरं केलं.

टाकीत पेट्रोल होतं का, हे आधीच पाहिलं होतं. काटा रिझर्व्हवर, पण पाच लिटर नवं टाकलेलं होतं. थोडं काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरलं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जास्त पाणी शिरलं तर ते पाणी इथेनॉलला ओढून घेतं आणि तळाशी वेगळा थर बसतो. पूर येऊन गेलेल्या गाडीत हे बघायलाच हवं. थर नव्हता, पेट्रोल स्वच्छ.

मग इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलच्या पाइपला दाब मोजायचा गेज जोडला. पाइप सोडण्याआधी आतला दाब उतरवला, जवळ आग विझवायचा सिलिंडर ठेवला. पेट्रोलच्या लाइनला हात लावताना यात कधीही कसूर करू नये. या इंजिनाला ३ बारच्या आसपास दाब हवा. चावी ऑन केल्यावर गेजने दाखवला ०.६. सेल्फ मारताना ०.८. इतक्या दाबात इंजेक्टरमधून पेट्रोल फवारत नाही, फार तर पाझरतं.

मागची सीट उचलली, पंपाचा कनेक्टर काढला आणि मल्टिमीटर लावला. मदतनीसाने चावी ऑन केली. १२.३ व्होल्ट.

इथे मी चुकत होतो, आणि ते लिहून ठेवणं भाग आहे. १२.३ व्होल्ट पाहून मी मनात निकाल दिला होता: सप्लाय पोचतोय, दाब नाही, म्हणजे नवा पंपच खराब. बाजारात नकली पंप येतात, त्यातलाच असेल. काकांना मी तसं बोलूनही गेलो. पंप दुसऱ्यांदा बदलण्यापासून आम्ही दोन मिनिटांच्या अंतरावर होतो. मला अडवलं ते काकूंच्या आठ दिवसांनी. खराब पंप आठ दिवस उत्तम चालून मग अगदी जुन्या पंपासारखाच वागू लागेल, हे पटेना. दोन वेगवेगळे पंप एकाच तऱ्हेने आजारी पडत असतील तर आजार पंपात नसावा.

डिकीत हेडलाइटचा ५५ वॅटचा एक बल्ब होता. तो पंपाच्या जागी कनेक्टरला जोडला. असा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो, जवळजवळ पंपाइतकाच. चावी ऑन केली आणि बल्ब नारिंगी, मंद पेटला, देवघरातल्या निरांजनाएवढा. मीटर त्याच तारांवर आता ६ व्होल्टच्या खाली दाखवत होता.

"मग मघाशी मीटर खोटं बोललं का?" काकांनी विचारलं. प्रश्न फार बरोबर होता. मीटर खोटं बोललं नव्हतं, मी त्याला चुकीच्या वेळी विचारलं होतं. डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध साधारण १ कोटी ओहम असतो. तो लावला की तारेतून जेमतेम एक मायक्रोअँपिअर वाहतो. एवढासा प्रवाह न्यायला तारेचा एक केसही पुरतो, वाटेत काही कमी होत नाही, आणि टोकाला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. बागेतल्या नळीचं तोंड अंगठ्याने बंद करून धरलं तर वाटेत नळी चेपलेली आहे की नाही ते कळत नाही. पाणी सोडलं की धार सांगते. काकांनी मान हलवली आणि स्वतःच म्हणाले, "म्हणजे आता व्होल्टेज कुठे गळतंय ते वाटेवर शोधायचं." ओहमचा नियम त्यांना मला शिकवावा लागला नाही.

पंप पुन्हा जोडला. चावीने तो दोनच सेकंद चालतो, म्हणून पंपाच्या मूळ रिलेच्या जागी फ्यूज असलेली तार घालून तो सलग चालू ठेवला. पंप २.६ अँपिअर ओढत होता, निरोगी पंपापेक्षा बराच कमी. मग बॅटरीच्या मायनसवर मीटरची एक काडी ठेवून दुसरी वाटेवर पुढे पुढे नेत गेलो. बॅटरीवर १२.३. फ्यूजवर १२.२. मूळ रिलेच्या बाहेर १२.१. मग सापडला किटवाल्याचा वेगळा रिले, स्टिअरिंगखाली. गाडी गॅसवर गेली की पेट्रोलचा पंप बंद व्हावा म्हणून त्याने पंपाची प्लसची वायर कापून मध्ये हा रिले घातला होता. यामागचा विचार चुकीचा नाही. टाकीतलं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं, आणि सीएनजी वापरणारे टाकी रिकामी ठेवतात, तेव्हा विनाकारण चालत राहिलेला पंप तापतो. रिलेच्या बाहेर ११.९. आणि पंपावर ६.६. अर्थिंगच्या बाजूला फक्त ०.२ व्होल्ट जात होते, ती बाजू निर्दोष.

म्हणजे सव्वापाच व्होल्ट स्टिअरिंग आणि मागच्या सीटच्या मध्ये कुठेतरी नाहीसे होत होते. मीटरने पुढे शोधण्याची गरज पडली नाही. पंप अर्धा मिनिट चालू होता, आणि मदतनीसाने चालकाच्या दाराजवळ कार्पेटवर हात टेकला होता. तो म्हणाला, "साहेब, आ गरम छे."

कार्पेट उचललं. उंबऱ्याच्या पत्र्याला लागून, गाडीच्या सगळ्यात खोलगट जागी, जिथे पुराचं पाणी सर्वांत शेवटी सुकलं असणार, तिथे काळ्या टेपचा एक गोळा होता. टेप सोडली. आत दोन वायरींची टोकं नुसती पिळून ठेवलेली. सोल्डर नाही, क्रिंप नाही. तांबं हिरवं-पांढरं होऊन भुकटी झालेलं, आणि मोजून चार-पाच तारा एकमेकींना टेकलेल्या. टेपने पाणी बाहेर ठेवलं नव्हतं, आत कोंडून ठेवलं होतं. रोध काढला तर २ ओहमच्या आसपास येतो. ऐकायला क्षुल्लक, पण त्या जोडावर १४ वॅटच्या आसपास उष्णता तयार होत होती, कार्पेटच्या फेल्टला चिकटून. टेपची आतली बाजू विरघळून चिकट झाली होती.

मला इथे राग आला, आणि तो मी लपवला नाही. त्या गाडीत मागे २०० बारला भरलेला गॅसचा सिलिंडर आहे, खाली पेट्रोलची टाकी आहे, आणि मधोमध जमिनीवर एक तापणारा जोड. सुदैवाने पंप दरवेळी मिनिटभरच चालायचा. गॅसवर सुरू करत राहिलं असतं तर हा जोड कोणी उघडलाच नसता. किट बसवणाऱ्याचे दहा मिनिटं आणि वीस रुपयांची स्लीव्ह वाचली होती.

आठ दिवसांचं कोडंही सुटलं. पंप बदलताना मागच्या सीटखालची वायरिंग ओढली गेली, तिच्यासोबत हा जोड हलला आणि तुटलेल्या तारा काही दिवसांपुरत्या पुन्हा टेकल्या असाव्यात. नव्या पंपाने गाडी सुधारली असं सगळ्यांना वाटलं, ती सुधारली होती ओढाताणीने. सुरू झालेली गाडी मग का बंद पडत नव्हती, तेही यातच आलं. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर १४ व्होल्ट देतो, पंपाला थोडं जास्त मिळतं, आणि मिनिटभरात गाडी गॅसवर जाते. सगळ्यात वाईट वेळ सेल्फ मारतानाची, कारण तेव्हा बॅटरीच १०.४ वर आलेली असते आणि त्यातले निम्मे त्या गोळ्यात जातात.

दुरुस्ती छोटी होती. आधी खात्रीसाठी पंपाला फ्यूजमधून थेट बॅटरीचा सप्लाय दिला, शेवटची जोडणी टाकीपासून लांब, बॅटरीपाशी केली, गेज ३.१ बारवर गेला. मग खराब तुकडा दोन्ही बाजूंना चकचकीत तांबं लागेपर्यंत कापला. हिरवेपणा इन्शुलेशनच्या आत जवळजवळ वीतभर शिरला होता. जोड तेवढाच कापून नवा केला असता तर वर्षभरात पुन्हा हीच गत झाली असती. २.५ चौरस मिलिमीटरची नवी वायर घातली, क्रिंप केली, आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह चढवली, आणि जोड जमिनीवरून उचलून डॅशच्या आत, पाणी चढणार नाही अशा उंचीवर बांधला. किटचा रिलेही बदलला, त्याचे संपर्क काळवंडू लागले होते. आता पंपावर ११.८ व्होल्ट, प्रवाह ४.४ अँपिअर, दाब ३.१ बार. बंद करून दहा मिनिटांनी गेज २.९ वर होता.

काकांनी जुना पंप टाकला नव्हता, पिशवीत गुंडाळून डिकीत ठेवला होता. मोकळ्या जागी नेऊन त्याला क्षणभर सप्लाय दिला. तो फिरला. पूर्ण दाब देतो का ते तपासलं नाही, पण मेलेला म्हणून जो काढला होता तो मेलेला नव्हता. काकांनी तो पुन्हा पिशवीत घातला आणि वहीत ओळ लिहिली.

पुराचं पाणी लागलेल्या आणि किट बसवलेल्या ज्या ज्या गाड्या माझ्याकडे आता येतात, त्यांचं चालकाच्या बाजूचं कार्पेट मी न विचारता उचलतो. अजून दोघींच्या उंबऱ्याशी असेच गोळे सापडले. एकीचा जोड निम्मा हिरवा होता आणि मालकाची तक्रार फक्त एवढीच, की सकाळी सेल्फ जरा लांब मारावा लागतो. सीएनजी गाडीत पेट्रोल निदान पाव टाकी ठेवा, आणि आठवड्यातून एकदा दोन-चार किलोमीटर पेट्रोलवर चालवा, असं मी सगळ्यांना सांगतो. इंजेक्टर चिकटत नाहीत, आणि पेट्रोलची बाजू कुरकुरू लागली की लगेच समजतं. मुजमहुड्याच्या गाडीत ते काकूंना मार्चमध्येच समजलं होतं.

संध्याकाळी सीट बसवण्याआधी पंपाच्या वायरीला एक पांढरी चिठ्ठी बांधली: जोड डॅशखाली डावीकडे, वायर नवी, जुलै २०२५. सीट बसली. काकूंनी चावी ऑन केली, सवयीने थांबल्या, परत बंद करायला हात गेला. मी म्हटलं, काकू, आता एकदाच. त्यांनी सेल्फ मारला.